पांढरं कापू नका
चारोटी नाक्यावर माझं फ्रेमचं दुकान आहे. पावसाळा सरला की डहाणूच्या एका चिकूवाडीतले काका तेच चित्र जुन्या चादरीत गुंडाळून आणतात, कारण दमट हवेने काचेआड बुरशी धरते. चित्र छापील आहे. युद्धातली विमानवाहू नौका आणि तिच्या डेकवर उडायच्या तयारीतलं विमान. खालच्या पांढऱ्या कडेवर त्या लढाईतल्या वैमानिकांनी पेन्सिलने केलेल्या सह्या.

देवांच्या फोटोंची कड कापायची माझ्या हाताला सवय. पहिल्या खेपेला मी कटर लावलाच होता, तेव्हा काका ओरडले होते. आता नुसतं म्हणतात, "पांढरं कापू नका, भाऊ." मग स्टुलावर बसून गुडघे चोळत राहतात. दरवर्षी तेच खिळे काढायचे, तीच काच पुसायची, खरं तर मी वैतागतो. काका नेव्हीत होते एवढंच मला ठाऊक; तिथे काय करायचात, असं विचारलं तर उत्तर एकच, "होतो तिकडे."

यंदा चादर सोडता सोडता ते म्हणाले, "सह्या करणारे सगळे गेले हो. शेवटचे परवा गेले."

गेलेल्या माणसाचा फोटो आला की मी न विचारताच चंदनाचा हार घालतो. तसाच काढला, तर काकांनी माझा हात धरला. विमानाच्या चाकाशी चित्रकाराने एक वाकलेला माणूस काढलाय, नखाएवढा, चेहराही नसलेला. त्याच्यावर बोट ठेवून काका थकल्या आवाजात म्हणाले, "थांबा. हा अजून आहे."