चारला सुटणारी माणसं

कवळीताईला खरं नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. बावीस वर्षं ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये एकाच खिडकीशी बसून मेणाच्या हिरड्यांवर लोकांचे दात लावत आली होती. कुणाची कवळी टोचली, सैल झाली, की मालक म्हणायचे, "ताईंकडे द्या." ताईच्या हातची कवळी घालून माणसं सुपारी फोडतात, अशी तिची ख्याती!

मग आला नवा नियम. ज्यांना दहा वर्षांखालची मुलं असतील त्यांनी चारला घरी जावं. नियम चांगलाच हो, कोण नाही म्हणतंय? पण दातांचं काम काही चारला थांबत नाही. चारला सुटणाऱ्यांच्या अर्धवट लावलेल्या कवळ्यांचे ट्रे गुपचूप ताईच्या टेबलावर यायचे आणि वर लाडीगोडी, "ताई, तुम्हाला काय, तुम्ही एकट्या!"

एकट्या! आणि घरी एक्याऐंशी वर्षांचे बाबा होते, ते काय हवेत होते? त्यांना दिवसेंदिवस काही आठवेनासं झालं होतं. दुपारी शेजारच्या वहिनी त्यांच्याजवळ बसायच्या. त्या म्हणायच्या, "साडेचार ते सहा काय छान बोलतात गं! सगळं तुझंच कौतुक." ताई सातला पोचायची तेव्हा बाबा दमून भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे. त्या दीड तासासाठी तिचा जीव नुसता तुटायचा. दात लावता लावता डोळे भरून यायचे, आणि एकदा तर चक्क वरची दाढ खाली लागली.

शेवटी तिचं डोकं फिरलं. दुसऱ्यांच्या ट्रेला तिनं हात लावायचंच सोडलं. आठवडाभरात सतरा ट्रे फडक्याखाली पडून राहिले, तेव्हा मालकांनी बोलावलं.

"ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझ्याकडून सगळ्यांचीच अपेक्षा असते. तो चारचा अर्ज द्या इकडे."

अर्जात रकाना होता, मुलाचं नाव आणि वय. ताईनं बाबांचं नाव लिहिलं. वय एक्याऐंशी. मालकांना आधी हसू आलं, मग त्यांनी वय पुन्हा वाचलं आणि सही केली. बाहेर लगेच कुजबुज, "हा कुठला न्याय? हिला कुठं पोरं आहेत?" ताईनं ऐकलं आणि सोडून दिलं.

सोमवारी साडेचारला ती घरात होती. बाबा उशीला टेकून बसलेले, चेहरा टवटवीत.

"या, बसा," ते म्हणाले. "कोण आपण?"

"सहज आले होते," ती कशीबशी म्हणाली.

"मुलगी कामावर गेलीय. फार गुणाची पोर हो माझी. लहान होती तेव्हा माझ्या चष्म्याची मोडकी काडी तिनं दोऱ्यानं अशी बांधली, की दोन वर्षं वापरला मी तो! तिला कधी बोललो नाही, पण तिच्याच जिवावर जगतोय."

ताईनं न राहवून त्यांचा हात धरला. परक्या बाईनं धरला म्हणून बाबांनी संकोचून तो हळूच सोडवून घेतला.

"सातला येईल ती," ते म्हणाले. "भेटूनच जा."

"थांबते," ताई म्हणाली, आणि दोघं तिची वाट बघत बसली.