पाटावर ठेवलेला बॅकअप

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते. सांभाळते म्हणजे घरी म्हशी सांभाळतात तसंच. आजारी पडला, अडून बसला, कुणी भलतंसलतं खायला घातलं, की माझ्या नावाने हाक. टायपिंगच्या कामाला लागले होते मी. बाकीचं तिथेच शिकले, आधी बोलणी खात आणि पुढे पुढे बोलणी ऐकवत. आता माझ्या खोलीत यायच्या आधी मॅनेजरसुद्धा दार वाजवतात. मला याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू?

किन्हवलीहून सरळगावमार्गे रोज स्कूटरने जाते. मागे माझी शेजारीण बसते. ती तिथेच पॅकिंगला आहे, ठेकेदाराच्या माणसांत. तिच्यासारख्या बऱ्याच बायका टोकावड्याच्या बाजूने येतात. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, नंबर तपासायचा, आणि कुणी तपासलं ते नाव कॉम्प्युटरमध्ये चढतं. आमच्याकडे प्रत्येक बॅचची अशी सगळी कुंडली असते. कच्चा माल कुठला, वजन कुणी केलं, पट्टी कुठल्या मशीनवर बनली. ती नोंद नसेल तर गोळी कितीही चांगली असो, माल सरळ जाळायचा. औषधाच्या धंद्यात यावर वाद नाही.

या नोंदींची दुसरी प्रत रोज एका काळ्या पेटीत जाते. पेटी म्हणजे केवढी, तर आपल्या मसाल्याच्या डब्याएवढी. महिन्यातून एका शनिवारी मी त्या पेटीतलं सगळं एका जुन्या मशीनवर परत उतरवून बघते. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, कुठे अडतं, ते शाळेच्या दोनशेपानी वहीत मराठीतून लिहून ठेवलंय. लोक हसायचे. "ताई घासलेली भांडी परत घासायला बसल्या!" म्हणायचे. हसा म्हटलं. बॅकअप काय, कुणीही घेतं. परत आणून दाखवा की!

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. प्रत घेऊन झाली की पेटी सोडवून वेगळी ठेवायची असते, म्हणजे कॉम्प्युटरला काही झालं तर ते पेटीपर्यंत पोचत नाही. मला हे ठाऊक होतं. तरी पेटी वर्षभर लावलेलीच असायची. कारण विचाराल तर आळस. दुसरं काही नाही.

सुटायची ती फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे दुपारी लाइन बंद होते, मशीन पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. पूजेला मांडलेल्या हत्याराला मग दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. माझं हत्यार ते. मी शेवटची प्रत घेते, पेटी सोडवते, पुसते आणि पाटावर ठेवते. ज्या वर्षीची ही गोष्ट, तेव्हा मॅनेजर नवे होते, मुंबईचे, वयाने माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, "मॅडम, पूजा झाली की लगेच परत लावा हं."

"साहेब, दसरा झाल्यावर."

"अहो, दोन दिवस बॅकअप नाही म्हणजे काय?"

"कारखाना बंद, तर बॅकअप कशाचा घ्यायचा? झेंडूचा?"

ते चिडले, पण मी हलले नाही. हट्टी आहे मी, घरातलेही हेच सांगतील.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले, तर सगळ्या स्क्रीनवर एकच इंग्रजी मजकूर. तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्यात, पैसे द्या, मग किल्ली देऊ. स्टोअरच्या माणसाने सुट्टीच्या आधी 'तुमचं पार्सल परत गेलं' अशी मेल उघडली होती, आणि तिच्यातून शिरलेला व्हायरस सुट्टीत जागा झाला होता. मेल्याने कसलंही पार्सल मागवलं नव्हतं! नोंदी सगळ्या गेल्या होत्या. गोदामात तयार माल थप्पीला लागलेला आणि त्याची कुंडली नाही.

तासाभरात पॅकिंगच्या बायकांना सुपरवायझरने सांगितलं, घरी बसा, बोलावू तेव्हा या. माझी शेजारीण डबा हातात घेऊन माझ्या दारात आली. "आमाला घरी बसा बोलले. परत बोलावतील काय गो? मागच्या टायमाला त्या चौघींना कोन बोलावलाच नाय."

"थांब इथेच, गेटबाहेर जाऊ नको," एवढंच म्हटलं. एकदा बाहेर पडल्या की त्यांच्या जागी दुसऱ्या आणायला ठेकेदाराला कितीसा वेळ लागतो?

खोलीत वळून बघते तर साहेब पाटासमोर उकिडवे बसलेले. हार बाजूला काढलेला, पेटीची केबल हातात, दुसरं टोक सर्व्हरच्या, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरच्या तोंडाशी. "बघू या तरी, यात काही उरलंय का—"

"हात काढा!"

इतकी ओरडले की बाहेरचा वॉचमन धावत आला. ते कुलूप घालणारं भूत अजून सर्व्हरमध्येच होतं. केबल लावली असती, तर पेटीलाही कुलूप बसलं असतं आणि सगळा खेळ खलास. साहेबांच्या हातातून केबल सुटली. मला त्यांची दया आली, पण ते मी त्यांना नंतर सांगितलं.

मग वही उघडली. आधी सगळ्या मशीनच्या तारा काढल्या. सर्व्हर पार कोरा केला, पहिल्यापासून भरला, त्यातली प्रत्येक पायरी वहीत बोट ठेवून. साहेब शेजारी बसून मोठ्याने वाचायचे, मी करायचे. माझं अक्षर वाईट, तर दर ओळीला "हे काय आहे, मॅडम?" तारा नाहीत, सर्व्हर स्वच्छ, याची तीनदा खात्री केली आणि मगच पेटी लावली. हळदीचं बोट तिच्यावर तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत नोंदी आल्या. खंडेनवमीला दुपारी लाइन थांबली, त्या क्षणापर्यंतच्या. एकही बॅच कमी नाही. गुणवत्ता विभागाच्या बाईंनी गोदामातल्या खोक्यांशी नंबर ताडून पाहिले आणि मान डोलावली.

साहेब मुंबईला फोनवर सांगत होते, "पूजेमुळे वाचलो, सर, देवाची कृपा!" मी तिथेच उभी होते. म्हटलं, "साहेब, पूजेने पेटी राखली, ते मान्य. पण तिच्यातून माल बाहेर काढायला देव खाली आला नव्हता." मग साहेबांनी फोनवर माझं नाव सांगितलं, आडनावासकट, दोनदा. आता मी दर शुक्रवारी पेटी सोडवते आणि दुसरी लावते. दसऱ्याची वाट बघत नाही.

पण तो दिवस मनात राहिलाय तो फोनमुळे नाही. पॅकिंगच्या बायका दोन दिवस गेटच्या आतल्या झाडाखाली बसून होत्या. रात्री घरी गेल्या, तरी सकाळी परत येऊन बसल्या. मी माझ्या शेजारणीला खोलीत बोलावलं आणि शेवटची बॅच उघडून दाखवली. इंग्रजी तिला येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखते. स्क्रीनला बोट लावून म्हणाली, "ही मीच ना?"

"तूच."

"मंग माल जालनार नाय?"

"नाय जालत."

तेवढ्यात सुपरवायझर ओरडला, चला, लाइन चालू. बायका डबे टाकून पळाल्या. ही दारातच थांबली, पॅकिंगला केसांवर घालायची टोपी हातात तशीच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं माझ्याकडे हात करून म्हणाली, "ही आमच्या किन्हवलीची हाय!"

"टोपी नीट घाल आणि आत जा आधी," मी म्हटलं. खेकसायचं होतं मला, पण जमलंच नाही.