निघताना विचारू नये

आमच्या सासऱ्यांना घरातून निघताना ‘कुठे?’ म्हणून विचारलेलं खपायचं नाही. अपशकुन! कुणी विचारलंच, तर चपला काढायच्या, परत येऊन बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं. पुण्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ऐंशीच्या दशकात ते वेल्सला आमच्याकडे राहायला आले, आणि तिथे शेजारीणसुद्धा मायेनं विचारायची. बिचारे दिवसातून चारदा पाणी प्यायचे.

एका रविवारी नवऱ्याला हॉस्पिटलच्या ड्यूटीतून सुट्टी होती, म्हणून आम्ही तिघं डोंगरातलं तळं बघायला निघालो. कार पार्कमध्ये एक वही ठेवलेली असायची. किती जण, कोणत्या वाटेनं जाणार, ते त्यात लिहायचं. डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्या म्हाताऱ्या वॉर्डननं पेन पुढे करून विचारलं, कुठवर जाणार?

बाबा जागच्या जागी थांबले. “झालं! विचारलंच मेल्यानं. आता ते लिहू नका हं.”

नवऱ्यानं हसून वही मिटली. मला काही ते पटलं नव्हतं, पण म्हटलं, जाऊ दे, सकाळी सकाळी कशाला वाद? दुपारनंतर ढग खाली उतरतात, एवढं मात्र वॉर्डननं बजावलं.

तळ्यापाशी पोचलो. तीन बाजूंना काळे कडे, पाणीही काळं, आणि चौथ्या बाजूनं ते पाणी खाली दरीत कोसळत होतं. तिथला दगड शेवाळानं बुळबुळीत झाला होता. वर येताना त्या धबधब्याच्या पायथ्याशी एक मेंढी मरून पडलेली पाहिली होती. बाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले होते.

पोळी-भाजी खाऊन झाली. नवरा पाठ टेकून पडला. बाबांनी माकडटोपी सारखी केली, छत्री घेतली आणि उठले. प्रश्न अगदी माझ्या ओठांवर आला. सगळ्या घराण्यात फटकळ म्हणून माझी ख्याती, पण नेमकी त्या दिवशी जीभ आवरली. वाटलं, आडोशाला जात असतील. सुनेनं काय विचारायचं?

दहा मिनिटांत ढग उतरला. समोरचं तळं दिसेना. मी हाक मारली. पुन्हा मारली. ऐकू येत होता तो फक्त पाण्याचा आवाज.

नवरा मदत आणायला खाली धावला. मी तिथेच उभी राहून “बाबा! बाबा!” ओरडत होते. मनात देवाला नवस बोलत होते आणि त्याच दमात म्हाताऱ्याला शिव्याही घालत होते. एकीकडे ती मेंढी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तीन तासांनी माणसं आली, बरोबर एक कुत्रा होता. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? कुठल्या बाजूला गेले? आम्हाला काय ठाऊक!

कुत्र्यानंच शोधलं. धबधबा जवळून बघायला गेले होते. घसरून कड्याच्या तोंडाशी एका दगडाला मिठी मारून बसले होते. एक बूट खाली गेला होता.

ओठ निळे पडले होते. ब्लँकेटात गुंडाळून त्यांना माझ्याजवळ आणलं आणि माझा बांध फुटला. “अहो, सांगून तरी जायचं!”

“तुझ्या हाका ऐकू येत होत्या गं,” ते म्हणाले. “पण उत्तर द्यायला तोंड उघडलं तरी हात सुटेल असं वाटायचं.”

आठवड्यानं ते एक पत्र घेऊन बाहेर निघाले. नवे बूट घातले, दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले. मी भांडी घासत होते. ते जाईनात. मागे वळून माझ्याकडे बघत राहिले. मी हात पुसले.

“कुठे चाललात, बाबा?”

“पत्र टाकायला,” ते म्हणाले, आणि तिथेच दाराला धरून रडायला लागले.