महागाईला पुरून उरलेले साठ डबे

परवा भाची आली होती. बँकेत आहे, तिला सगळं मुद्देसूद लागतं. म्हणाली, "मावशी, दर महिन्याला काहीतरी महाग होतं, नाहीतर बाजारातून गायबच होतं. तुमचं पोळीभाजी केंद्र टिकलं कसं? दोन मिनिटांत सांग."

मी सांगायला बसले. दोनदा चहा झाला, तिची ठाण्याची बस चुकली, आणि मी अजून टोमॅटोपाशीच होते!

काय करणार? एक वस्तू महागली की आमच्याकडे एक किस्सा होतो. आणि वस्तू तर काय, रोजच महागतात.

आधी माणसं सांगते. करंजाडेला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचा गाळा. आम्ही तिघी. मी सुलभा. नवऱ्याची तळोज्याची कंपनी बंद पडली तेव्हा पोळपाट-लाटणं घेऊन घराबाहेर पडले. बेबीताई जवळच्याच गावातली, आगरी. जमीन प्रकल्पात गेली, घरावर चार मजले चढले, पण "माज्या हातात माजा पैसा नाय" म्हणून आली. तिसरी नसीमभाभी, पनवेलच्या मोहल्ल्यातली. नवरा कुवेतहून कायमचा परत आला आणि ही कामाला लागली. कारण विचारलं तर सांगते, "दोघं दिवसभर एकाच घरात? तोबा!"

डबे पोचवायला गणपतकाका. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. त्यांची जुनी व्हॅन अजूनही ते एसटीसारखीच चालवतात, म्हणजे वेळेवर आणि हॉर्न देत. रोजचे साठ डबे. बरेचसे न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या कंटेनर यार्डांत नि गोदामांत जातात, उरलेले इथेच आसपास.

* * *

टोमॅटोने सफरचंदाला मागे टाकलं, तेव्हाची गोष्ट. छोले असोत, पनीर असो, ग्रेव्हीला टोमॅटो लागतोच. दोन दिवस कमी घालून पाठवली, तर एका यार्डातून जोशीसाहेबांचा फोन. "ताई, भाजी पांढरी पडलीय. तब्येत बरी नाही का तिची?"

नसीमभाभीने तांबडा भोपळा उकडला. रंगाला बिटाची एक फोड टाकली. आंबटपणाला बेबीताईच्या घरची आंबोशी, म्हणजे कैरीच्या वाळवलेल्या फोडी. सगळं मिक्सरमधून काढलं. रंग असा झकास आला की मीच फसले.

दुपारी पुन्हा जोशीसाहेब. "ताई, आज ग्रेव्ही एक नंबर! पण एक सांगू? एवढा टोमॅटो नका हो घालू. तुम्हाला परवडायचं नाही."

इतक्या काळजीने सांगणाऱ्या माणसाशी खोटं बोलवेना. म्हटलं, "साहेब, त्यात टोमॅटो नाहीच. भोपळा आहे."

साहेबांचा आवाज चढला.

"मी भोपळा खात नाही."

"आज खाल्लात."

मग आवाज एकदम खाली आला. "उद्यापण पाठवा. फक्त आमच्या घरी कळू देऊ नका. बायको वीस वर्षं मागे लागलीय माझ्या!"

* * *

कांदा भडकला तेव्हा बेबीताईने कोणालाच विचारलं नाही. खडू घेतला आणि बाहेरच्या फळ्यावर लिहिलं, 'चातुर्मास स्पेशल. बिनकांद्याचे जेवण.'

समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा रोज स्वतः डबा न्यायला यायचे. त्यांनी फळा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. "अहो बाई, चातुर्मास संपून महिना झाला."

बेबीताईने मानही वर केली नाही. "तुमचा संपला असंल. आमचा कांदा सस्ता होईस्तवर हाय!"

* * *

लिंबाचा मामला मात्र चिघळला. डब्यात आम्ही पाव लिंबू द्यायचो. भाव चढले तशी त्या फोडीची अर्धी फोड केली, मग तिचीही अर्धी. शेवटी पिळायला गेलं की साल हातात आणि बी वरणात अशी गत. एक दिवस ठरवलं, लिंबू बंद.

ट्रान्सपोर्ट ऑफिसातला मोरे म्हणून एक गिऱ्हाईक. त्याला लिंबाशिवाय घास उतरत नाही. त्याचा रोज जेवायच्या वेळी मेसेज. एकच शब्द. 'लिंबू?' तीन दिवस हाच मेसेज. आम्ही कामात, उत्तर कोण देणार?

चौथ्या दिवशी गणपतकाकांनी, आम्हाला न सांगता, त्याला एका पिवळ्याधमक लिंबाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'जेवताना बघत राहा.'

मला कळलं तेव्हा मी काकांवर अशी चिडले! "काका, गिऱ्हाईक तुटेल ना!" मोरेचे मेसेज बंद. आठवडा मी धास्तीत.

महिनाअखेरीला मोरेचा मेसेज आला. पाचशेच्या नोटांचा फोटो. खाली ओळ, 'महिन्याचे पैसे पाठवले आहेत. बघत राहा.'

संध्याकाळी स्वतः हसत हसत आला, खरे पैसे देऊन गेला. पण तोवर आमच्या काकांनी तो फोटो मोठा करून, चष्म्याला लावून तपासला होता. मला म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. नोटा असली आहेत!"

* * *

तेल. याबद्दल नसीमभाभी आजही धुमसते.

गोडेतेलाचा डबा घ्यायचा म्हणजे दोनदा पैसे मोजायची वेळ आली, तेव्हा आम्ही तळण कमी केलं. कोथिंबीर वडी नुसती उकडलेली, पापड भाजलेला, फोडणी चमचाभर तेलात. मला वाटलं, लोक ओरडणार. झालं उलटंच. कोपऱ्यावरच्या जिममधला ट्रेनर आला, वडी हातात धरून उजेडात फिरवून बघितली. "मॅडम, ऑइल-फ्री? स्टीम्ड? हा डाएट मेनू तुम्ही कोणाकडून डिझाइन करून घेतला?"

दुसऱ्या दिवशी दंड फुगवलेली अकरा मुलं दारात उभी!

नसीमभाभी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "या अल्ला! आमच्या अम्मीकडे तेल नसायचं म्हणून ती बिचारी उकडून घालायची. पाहुणे आले की शरमेने अर्धी व्हायची. आणि इथे हे त्याला डाएट म्हणतात!"

मग डोळे पुसत म्हणाली, "आज असती तर जिम काढली असती तिने."

* * *

बाकी सगळ्याला पर्याय सापडला, पण नारळाच्या बाबतीत बेबीताई हटली नाही.

आमचा बुधवारचा माशाच्या आमटीचा डबा लोक आठवडाभर आधी सांगून ठेवतात. आमटी बेबीताईच्या हातची. नारळ महागले, चांगले मिळेनासे झाले. मी एकदा हळूच म्हटलं, "थोडं शेंगदाण्याचं कूट घालून बघू या का?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कूट परत डब्यात भरलं.

"नारळ नाय तर आमटी नाय."

तीन बुधवार आमटी बंद. तिसऱ्या बुधवारी चौदा डबे कमी गेले. बेबीताई त्या दिवशी जेवली नाही. तिच्या नावावर चालणारी ती एकच गोष्ट, आणि तीच बंद पडलेली.

दुसऱ्या दिवशी ती भावाकडे गेली. भावाची वाडी आहे, पंचवीस-तीस माड. भाऊ म्हणाला, "दितो ना. बाजारात काय भाव चाललाय तो दे."

सख्ख्या बहिणीला बाजारभाव! रिकाम्या हातांनी परत आली. रागाने लाल. नसीमभाभीने पाणी दिलं. मी म्हटलं, "भांडली नाहीस?"

"नाय. दिवाळी येव दे."

पुढच्याच आठवड्यात भाऊबीज आली. भाऊ पाटावर बसला, घर भरलेलं, आत्या, माम्या, भावाच्या दोन्ही सुना, सगळे. हिने ओवाळलं. भावाने ताटात पाकीट ठेवलं. हिने ते उचलून त्याच्या खिशात परत घातलं आणि निरांजन तसंच धरून उभी राहिली.

"पैसे नको. माड दे."

"काय?"

"इहिरीजवळचा माड. झाड तुज्याच जागेत ऱ्हाव दे. नारळ माजे."

भाऊ हसायला लागला. ही हसली नाही. ताटही खाली ठेवलं नाही. सगळं घर बघतंय. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "द्या की आता, तिचा हात दुखंल!"

त्या बुधवारी आमटी झाली. बेबीताईने पहिला डबा भरला, झाकण लावलं आणि काकांना सांगितलं, "ह्यो माज्या भावाला द्या. आणि त्याला सांगा, पैसे नको. मी काय बाजारभाव लावनारी नाय!"

* * *

या सगळ्या जुगाडांनंतरही एक दिवस दर वाढवावाच लागला. डब्यामागे दहा रुपये. ऐकायला एवढंसं, पण आम्ही तिघी दोन आठवडे त्यावर बोलत होतो. आमची माणसं पगारदार, त्यांचंही सगळं महागलेलं. नसीमभाभी म्हणायची, "दहा लोक तुटले तर?" बेबीताई म्हणायची, "न वाढवून आपन तिघी तुटलो तर?"

शेवटी मीच चिठ्ठी लिहिली. फार नम्र. साठ कागदांवर छापून आणली, प्रत्येक डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवली. ती दुपार मी कधी विसरणार नाही. फोन समोर ठेवून बसलेले. फोन वाजेना. त्यानेच जास्त भीती वाटायला लागली.

चार वाजता काका रिकामे डबे घेऊन आले. काही डब्यांत चिठ्ठ्या परत आलेल्या. पहिली उघडली. मागे लिहिलेलं, 'शेवटी वाढवलेत एकदाचे. आम्हालाच लाज वाटत होती.' दुसरीवर नुसता अंगठा काढलेला. तिसरी एका क्रेन ऑपरेटरची, लाल पेनाने तपासलेली! 'ताई, दर मान्य. पण क्षमस्व दोनदा लिहिलंय, एकदा पुरे. आणि महागाईतली ई दीर्घ. ऱ्हस्व केलीत, तरी महागाई कमी होत नाही.'

साठातला एकच जण सुटला. तोही पाचव्या दिवशी दारात. मान खाली घालून म्हणाला, "ताई, बाहेरचा वडापाव बघितला का केवढ्याला झालाय?"

नसीमभाभीने त्याला आधी ताट वाढून दिलं.

* * *

आणि मग तो गॅसचा आठवडा.

धंद्याचे सिलिंडर यायचेच बंद झाले. आज येईल, उद्या येईल. आमच्याकडे एक लागलेला होता, तो सकाळी नवाच्या सुमाराला भप् भप् करून गेला. पोळ्या अर्ध्या झालेल्या, भाजी कच्ची. मी दोन इंडक्शन आणून एकदम लावले. वायरचा वास आला आणि अख्ख्या विंगची वीज गेली! सोसायटीचे सेक्रेटरी अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत खाली आले, हातात शेव्हर. "बंद करा हे! ताबडतोब!"

त्या दिवशी पहिल्यांदा आमचा एकही डबा गेला नाही. साठ रिकामे डबे ओट्यावर ओळीने मांडलेले. मी खुर्चीत बसून रडले, खोटं कशाला सांगू? कसंबसं उभं केलेलं सगळं एका सिलिंडरपायी बंद पडणार, असंच वाटलं.

बेबीताई उठली. पदर खोचला. "रडून झालं का? चला आमच्या गावात."

तिच्या चार मजली घराच्या मागे लग्नाची चूल आहे. लग्नाच्या हळदीला पाच-पाचशे माणसांचं जेवण होतं तिच्यावर. पावसाळ्यापासून कोणी फुंकर मारली नव्हती. बेबीताईच्या दोन्ही सुना माडीवरून खाली आल्या, आंब्याच्या वाळक्या फांद्या ओढून आणल्या. मी मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. मी फुंकलं की धूर सगळा माझ्याच अंगावर. नसीमभाभीने मला हाताला धरून बाजूला बसवलं. "सुलभाताई, तुम्ही कांदे कापा. रडताच आहात तर!"

दुसऱ्या दिवशी पोळीच्या जागी तांदळाची भाकरी, मडक्यातलं वरण, निखाऱ्यावरचं वांगं. साठच्या साठ डबे भरले. गणपतकाका व्हॅन घेऊन थेट अंगणात, हॉर्न देत. "सुटायची वेळ झाली!"

दुपारी फोन सुरू झाले. "ताई, भाकरी कोणी केली?" "ताई, वरणाला हा वास कसला हो, गावची आठवण आली." तिसऱ्या दिवशी डबे झाले ऐंशी. चौथ्या दिवशी आजूबाजूच्या हॉटेलांनी शटर खाली केलेली, आणि आमचे डबे एकशे दहा! सेक्रेटरीसाहेबांनीही दोन सांगितले. गुळगुळीत दाढी करून स्वतः न्यायला आले.

पाचव्या दिवशी सकाळी नवीन नंबरवरून फोन. माझे हात पिठात, म्हणून स्पीकर लावला. कोणीतरी अगदी अदबीने बोलत होतं.

"नमस्कार ताई. चुलीवरचे डबे तुमच्याकडेच मिळतात ना? आजपासून रोज आठ हवे होते. स्टाफचे फार हाल चाललेत हो."

"देऊ की. कुठे पाठवायचे?"

तो जरा घुटमळला.

"ते... इथेच, पनवेलला. गॅस एजन्सीच्या ऑफिसात."

मी काही बोलायच्या आत बेबीताई चुलीपासून उठली, राखेने भरलेल्या हाताने फोन उचलला आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"नंबर लावून ठेवा. वेटिंग हाय!"