सुभेदारकाकांची बोटं

हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ऑफिसातल्या रेश्माला तर नाहीच नाही — रेश्माच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कराडभर होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला माझ्या माहेरी पोचते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तरी — आता तोंड उघडलंच आहे, तर बोलून टाकते.

तसं बघितलं तर सगळं एका ओळीचं प्रकरण आहे. खरंच एका ओळीचं. कॉम्प्युटरमधल्या एका फाइलीतली ओळ. एवढ्याशा ओळीचं काय घेऊन बसलीस, असं वाटेल तुम्हाला. मलाही बरेच दिवस तसंच वाटून घ्यायचं होतं.

कराडजवळच्या एका दूध संघात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक एसी — आणि एसीसुद्धा माझ्यासाठी नाही, मुख्य कॉम्प्युटरसाठी. सहा वर्षांपूर्वी मी तिथे नवी होते, अजून कायम व्हायची होते, आणि संघात नवी पद्धत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पद्धत सोपी. कामावर कोण कोण आहे आणि कोणी काय उघडायचं, याची एकच मोठी यादी मुख्य कॉम्प्युटरवर ठेवायची. तिला डिरेक्टरी म्हणतात; झाडासारख्या तिला फांद्या असतात — मुख्य कार्यालयाची एक, दर केंद्राची एकेक. बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटरनी, कोणी नाव-पासवर्ड टाकला की, या यादीला विचारायचं — हा आपला माणूस का? मग दार उघडायचं.

आता प्रत्येक कॉम्प्युटरला हे विचारायचं कसं, ते आधी शिकवून ठेवावं लागतं. त्याची एक छोटी फाइल असते, पाच-सहा ओळींची. यादी कुठे आहे, तिच्या कुठल्या फांदीपासून शोधायला सुरुवात करायची, उत्तराची किती वेळ वाट बघायची. कोणी वेगळं काही सांगितलं नाही तर हेच धरून चालायचं. मी ती फाइल आधी माझ्या टेबलावर करून बघितली. चाचणी लवकर आटपावी म्हणून शोध फक्त मुख्य कार्यालयाच्या फांदीपुरता ठेवला. उद्या बदलू म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी तीच फाइल, तशीच्या तशी, मुख्य कार्यालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवून मोकळी झाले. केंद्रांची पाळी अजून यायची होती.

कोणाचंच काही अडलं नाही. साहेब खूश, मी खूश. फक्त सुभेदारकाकांचं उघडेना.

सुभेदारकाका म्हणजे आमच्या स्टोअरचे नवे प्रमुख. फौजेत सगळी नोकरी नोंदी ठेवण्यात गेलेली. खाडाखोड म्हणून माहीत नाही. निवृत्तीनंतर आमच्या शिराळ्याच्या केंद्रात लागले आणि महिन्यापूर्वीच बढतीवर कराडला मुख्य कार्यालयात आले होते. काकू सांगायच्या, बढतीचा कागद आला तेव्हा या माणसाने तो देवापुढे ठेवला आणि पंधरा मिनिटं सावधान उभा राहिला. आता आमच्या संघाची एक रीत आहे — बदली झाली तरी माणसाची कागदपत्रं मार्चपर्यंत जुन्याच केंद्राकडे राहतात. माणूस इकडे, कागद तिकडे. यादी मी कागदांवरूनच केली होती. तेव्हा काका बसत होते कराडला, पण यादीत होते शिराळ्याच्या फांदीवर. आणि माझ्या फाइलीने सगळ्या कॉम्प्युटरना बजावून ठेवलं होतं, की त्या फांदीकडे बघायचंच नाही.

हे मला तेव्हा दिसलं नाही. एवढं तरी खरं माना.

तपासलं नाही का, म्हणाल. तपासलं ना! काकांच्याच कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं — उघडलं. त्यांच्या हाताखालच्या शिंद्याचं टाकलं — उघडलं. मुख्य यादीत काकांचं नाव होतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. कॉम्प्युटर धड, यादी धड. मग उरलं कोण? शिवाय समोर अक्षरं यायची — नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल? मी छातीठोकपणे सांगितलं, काका, तुमचं टायपिंग चुकतंय.

मी टाकून बघते म्हटलं, तर पासवर्ड सांगेनात. गुप्त गोष्ट गुप्तच ठेवायची म्हणे. आणि मग स्वतःच एकेक अक्षर खणखणीत आवाजात म्हणत बटण दाबायचे. स्टोअरमधल्या हमालापर्यंत सगळ्यांना तो पासवर्ड पाठ झाला होता.

"आवं मॅडम, बोटाला सवय न्हाई ओ. पर करतो की सराव."

आणि त्यांनी सराव केला. नखं मुळापर्यंत कापली. नंबर बदलला असेल म्हणून नवा चष्मा केला. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून नुसता कीबोर्ड विकत आणला आणि सकाळ-संध्याकाळ पलंगावर मांडी घालून तो बडवायला लागले. न जोडलेला कीबोर्ड! काकू बोटांना खोबरेल चोळून द्यायच्या. आठव्या दिवशी त्यांनी एसटी स्टँडमागच्या टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. परीक्षा देणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरींच्या मधे, खाकी स्वेटर घालून, पहिल्या बाकावर. मी हसले होते. रेश्मा आणि मी चहा पिताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो.

आणि रोज स्टोअरमध्ये काका खुर्चीत बसायचे आणि शिंदे स्वतःच्या नावाने कॉम्प्युटर उघडून द्यायचा. प्रमुखाला कुलूप उघडेना, म्हणून हाताखालचा माणूस किल्ली फिरवणार. फौजी माणूस तो. किती लागलं असेल?

अकराव्या दिवशी सकाळी काकांनी साहेबांना अर्ज दिला. वयोमानामुळे संगणकाचे काम जमत नाही, तरी प्रमुखपद श्री. शिंदे यांना द्यावे. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, खाडाखोड नाही.

त्याच दिवशी दुपारी मी प्रिंटरच्या कामासाठी ती फाइल उघडली. आणि ओळ दिसली.

एसीत बसून मला घाम फुटला. मग मी काय केलं असेल? धावत साहेबांकडे गेले? काकांच्या पायावर डोकं ठेवलं? छे. दार लावून घेतलं, ओळ दुरुस्त केली, सगळीकडे नवी फाइल चढवली आणि डबा उघडून जेवायला बसले. भेंडीची भाजी होती — तीसुद्धा संपवली.

तीन वाजता काका आले, बसले, एकेक अक्षर ओरडत टाकलं — आणि उघडलं! अख्खं स्टोअर टाळ्या वाजवायला लागलं. काकांचे डोळे भरून आले. तासाभरात पेढ्यांचा पुडा आला आणि पहिला पेढा माझ्या हातावर.

"तुमी मागं लागला म्हून जमलं बगा. लय उपकार झालं."

मी पेढा खाल्ला. म्हटलं, काका, सराव कामी आला.

इथवर वाटतं ना, की झालं? चूक सुधारली, म्हातारा सुखावला, कोणाचं काही गेलं नाही. मीही इतकी वर्षं मनातल्या मनात गोष्ट इथेच थांबवत आले. इथेच थांबवली तर ती मजेशीर आहे. पण कबूल करायचं ते पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. काकांचा अर्ज टेबलावर, अजून सही झालेली नव्हती. साहेब म्हणाले, "मॅडम, काल त्यांना जमलं म्हणे. मग हा अर्ज फाडू का? तुमचं मत काय?"

बघा, मला माझी चूक सांगायचीसुद्धा गरज नव्हती. एवढंच म्हणायचं होतं — फाडा. पण मला वाटलं, अकरा दिवस जमलं नाही आणि काल एकदम कसं जमलं, असं कोणी विचारलं तर? कोणी काल काय बदललं ते बघितलं तर? मी कायम व्हायला तीन आठवडे उरले होते. काकांची बोटं चुकणारी राहिली, तरच माझी फाइल बिनचूक राहणार होती.

मी म्हटलं, "सर, एक दिवस जमलं म्हणजे रोज जमेलच असं नाही. वय झालंय त्यांचं."

साहेबांनी सही केली. मी बघत उभी होते.

शिंदे प्रमुख झाला. काका बाजूच्या टेबलावर गेले आणि आणखी तीन वर्षं, रोज, पहिल्या फटक्यात स्वतःचा कॉम्प्युटर उघडत राहिले. क्लास सोडला नाही. परीक्षा दिली, पास झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी मला व्यासपीठावर बोलावून घेतलं, माझी गुरू म्हणाले, आणि शाल-नारळ स्वतःच्या हाताने मला दिला. मी घेतला. आणि हो, मी तेव्हा कधीच कायम झाले होते.

मागच्या महिन्यात काका सकाळच्या एसटीने शिराळ्याहून आले. पेन्शनवाल्यांना वर्षाला आपण जिवंत असल्याचा दाखला मोबाईलवर भरावा लागतो, तो भरायचा होता. टायपिंगची परीक्षा पास झालेला माणूस, पण म्हणाले, "हाताला भरवसा न्हाई मॅडम, तुमीच भरा." शेजारी बसले, दोन्ही हात मांडीवर. नंबर तोंडपाठ, एकेक आकडा सांगत होते आणि मी टाकत होते. मोबाईल काही पुढे जाईना. नंबर चुकीचा आहे, म्हणत होता. मी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकताना काका हळूच वाकले आणि म्हणाले, "मदला एक आकडा ऱ्हातोय बगा." राहतच होता. मी माफ करा म्हटलं.

"तुमचं न्हाई चुकत," काका म्हणाले, "मशिनच तसलं असंल."

मी राहिलेला आकडा घातला आणि दाखला भरून दिला.