काकूंनी माफ केलं नाही

गादीवाल्या काकू माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या, तरी आमची दाट मैत्री. चर्चमध्ये गुडघे टेकायच्या उशा वीस वर्षं त्याच शिवत. परवा मी त्यांच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा फादर आले. काकूंना मारझोड करून टाकून गेलेला नवरा परत आला होता.

"रविवारी सर्वांसमोर त्याला माफ कर, बाई. नाहीतर उशांचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

काकूंचा दाभण थांबला नाही. "मार खायचे तेव्हा रोज माफच करत होते, फादर. दुसरं काय करणार? भीती होती ती. तुम्ही तिला पुण्य म्हणालात, म्हणून दहा वर्षं खितपत पडले."

"प्रभूनं तर शत्रूलाही..."

"त्यांना जमलं असेल. मला आज 'नाही' म्हणता येतं, ते धरा की पुण्यात!"

नीतीवरचे निबंध मी कॉलेजात तोंडपाठ केले होते. हे एकातही नव्हतं.

काकूंनी हातातली उशी पुरी केली, उरलेलं कापड घडी घालून फादरांना दिलं. "नव्या माणसाला काथ्या दाबून भरायला सांगा हं. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात."

मग टेप घेऊन त्या समोरच्या दवाखान्यात बाकांवरच्या गाद्यांसाठी मापं घ्यायला गेल्या.