आप्पांच्या आवाजाचं वजन

आमचा लॅपटॉप सुरू करायचा म्हणजे बटण दाबून मळ्यात जायचं, मेथीचा अख्खा वाफा उपटायचा, जुड्या बांधायच्या, पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि हात पुसत घरी यायचं. तरी पडद्यावर ते पांढरं गोल फिरतच असायचं. एकदा ते गोल फिरत ठेवून मी सिन्नरला एका लग्नाला गेलो. तिथं मांडवात व्याही-व्याही भांडले, रुसले, समजूत पटली, जेवणं झाली. मी परत आलो तेव्हा कुठे लॅपटॉपनं पासवर्ड विचारला. कुणी म्हणेल वाढवून सांगतो. वाढवतो थोडं, पण गोल खरंच फिरत होतं.

हे मी आणखी पाच वर्षं सहन केलं असतं. पण एके दिवशी आतून आवाज यायला लागला. कुर्र, मग टक, मग पुन्हा कुर्र. उंदीर शेंगा कुरतडतो तसा. आवाज ऐकून आप्पा, म्हणजे माझे वडील, खाटेवरून उठून आले आणि लॅपटॉपला कान लावून बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ज्याला घाबरत होतो ते त्यांनाही कळलं होतं. त्या लॅपटॉपमध्ये आप्पांचा आवाज होता.

आप्पा मार्केट यार्डात मापाडी होते. मापाडी म्हणजे माल तोलणारा. नुसतं तोलून चालत नाही, शेतकरी आणि व्यापारी दोघांना ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागतं. पहिल्या मापाला कधी ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. आप्पांनी सकाळी यार्डात ‘लाभ’ म्हटलं की नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला थांबलेले रिक्षावाले मागं वळून बघायचे. मग घशाला गाठ झाली, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढून घेतली. तेव्हापासून आप्पा बोटांनी आणि भुवयांनी बोलतात. डाव्या भुवईत सगळा संशय, उजव्या भुवईत सगळा राग. दोन्ही एकदम वर गेल्या की घरातली कोंबडीसुद्धा कोपऱ्यात जाते.

ऑपरेशनच्या आधी कधीतरी आमच्या अंगणात टेंपो भरताना मी सहज एक व्हिडिओ काढला होता. टोमॅटोचे कॅरेट चढत होते आणि आप्पा मोजत होते. लांबलचक असल्यानं कुणाला पाठवला नव्हता, लॅपटॉपमध्ये टाकून ठेवला होता. ज्या फोननं काढला तो पुढं विहिरीत पडला. म्हणजे या जगात आप्पांचा आवाज फक्त त्या कुरकुरणाऱ्या डबड्यात उरला होता. आणि गंमत अशी की स्वतः आप्पांनी तो कधी ऐकला नव्हता. आधी म्हणायचे, मला काय ऐकवतो, मीच बोललोय ना. नंतर ऐकवायचं धाडस मला झालं नाही.

द्वारकेजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, एक ताई चालवतात. त्यांनी लॅपटॉप कानाशी धरला आणि म्हणाल्या, “दादा, आतली डिस्क चालली. आज आहे, उद्या नाही. एसएसडी टाकून घ्या, आतला माल तिकडं घेते.”

“एसएसडी म्हणजे?”

त्यांनी काउंटरवर एक चपटी काळी डबी ठेवली. आप्पांनी ती उचलली, तळहातावर तोलली आणि नारळ हलवतात तशी कानाशी हलवली. आत काही वाजेना. डावी भुवई वर गेली.

“बाबा, हिच्यात फिरणारं काही नसतं. म्हणूनच चांगली,” ताई म्हणाल्या.

आप्पांनी मला खूण केली: रिकामी आहे.

“रिकामी आहे म्हणतायत,” मी म्हणालो.

“रिकामीच असणार की. भरायची तर आहे.”

हे उत्तर इतकं सरळ होतं की आमचा संशय दुप्पट झाला. त्यातून मी डबीवरचा आकडा वाचला. जुनीच्या निम्मी जागा. मोठी काढायची, लहान घालायची, वर आपल्याकडूनच पैसे घ्यायचे. यार्डात असं कुणी केलं असतं तर आप्पांनी त्याची पाटी उलटी केली असती. मी म्हणालो, “विचार करून येतो,” आणि लॅपटॉप काखेत मारून आम्ही परत आलो.

घरी विचार झाला, तो असा. माझी बायको म्हणाली, दुरुस्तीवाले चांगले पार्ट काढून जुने घालतात, तिच्या माहेरी मिक्सरची मोटार अशीच बदलली होती. तिनं लॅपटॉपच्या खालच्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. आईचं एवढंच म्हणणं होतं की त्या बाईवर संशय घेण्याआधी तिला चार वांगी नेऊन द्या. आप्पा मात्र शांतपणे उठले, शेडमधला भाजीचा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आले, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि आकडा निळ्या खडूनं शेडच्या भिंतीवर लिहिला. आमच्या घरात माल तोलल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. लॅपटॉप झाला म्हणून काय झालं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दिला, वांगीही दिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणायला गेलो. ताईंनी बटण दाबलं आणि मी डोळ्याची पापणी हलवायच्या आत पडदा उजळला. पासवर्ड विचारून तो माझी वाट बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा लॅपटॉप माझ्यासाठी थांबला होता. मला काही ते बरं वाटलं नाही. इतक्या घाईनं कोण उठतं? ज्याच्या मनात काहीतरी असतं तोच.

“जुनी डिस्क द्या,” मी म्हणालो.

“आठवडाभर माझ्याकडं राहू द्या दादा. काही राहिलं-बिहिलं असेल तर काढून देता येतं. घरी नेऊन आपटलीत तर मेलीच ती.”

आप्पांच्या दोन्ही भुवया वर. पण ताईंनी तेवढ्यात चहा मागवला आणि चहा पिऊन झाल्यावर तोंड वाजवणं बरं दिसत नाही. आम्ही निघालो.

घरी आल्याबरोबर आप्पांनी लॅपटॉप काट्यावर ठेवला. मग मला हाक मारायची म्हणून पत्र्यावर थाप मारली. मी गेलो. भिंतीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळत नव्हता. लॅपटॉप एका लहान टोमॅटोएवढा हलका झाला होता. आप्पांनी लॅपटॉप उचलून पुन्हा ठेवला, काटा हलवून पाहिला, काट्याखालची फरशी पुसली. टोमॅटो काही परत येईना. बायकोनं लॅपटॉप उलटा करून ठिपके दाखवले. सगळे तडकलेले.

“उघडलाय,” ती म्हणाली.

“उघडल्याशिवाय बसवणार कशी?” मी म्हणालो.

“ते मला सांगू नका. उघडलाय एवढंच मी सांगते.”

तेवढ्यात मी व्हिडिओ शोधायला घेतला. फोटो होते, माझं लिखाण होतं, खताच्या दुकानाची बिलं होती, भाच्याच्या मुंजीचा अख्खा अल्बम होता. व्हिडिओ नव्हता. सगळीकडं शोधलं. नव्हता.

आप्पा माझ्या मागं उभे होते. त्यांनी काट्याकडं बोट दाखवलं, मग लॅपटॉपकडं, मग स्वतःच्या गळ्यावरच्या ऑपरेशनच्या भोकाकडं. त्यांचा हिशेब पूर्ण झाला होता. जेवढं वजन कमी, तेवढा आवाज गेला. एकदा दवाखान्यानं काढून घेतला आणि आता द्वारकेवाल्या बाईनं. मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला तो हिशेब चुकीचा वाटला नाही. माल कमी, वजन कमी. चाळीस वर्षं घरात हेच ऐकलंय.

आम्ही तसेच स्कूटरवर निघालो. मी पुढं, मागं आप्पा, त्यांच्या मांडीवर काटा आणि काट्यावर लॅपटॉप. द्वारकेला वाहतूक तुंबलेली. एक रिक्षावाला म्हणाला, “काय बाबा, काय भाव दिला लॅपटॉप?” आप्पांनी उजवी भुवई वर केली आणि रिक्षावाल्यानं रिक्षाच दुसऱ्या लेनमध्ये घातली.

दुकानात आप्पांनी काउंटरवर काटा ठेवला, वर लॅपटॉप ठेवला आणि आकड्याकडं बोट केलं. ताई आकड्याकडं बघत राहिल्या.

“हे काय?”

“वजन कमी भरतंय, एका टोमॅटोएवढं,” मी म्हणालो.

“कशाचं?”

“लॅपटॉपचं. तोलून दिला होता.”

ताई माझ्याकडं बघून मग आप्पांकडं बघत म्हणाल्या, “माझ्याकडं लोक स्क्रॅच मोजून आणतात. तोलून आणणारे तुम्हीच पहिले.” हसल्या नाहीत, याबद्दल आप्पांना जरा आदर वाटला असावा. ताईंनी ड्रॉवर उघडला. आत सारख्या दिसणाऱ्या डिस्का खच्चून भरलेल्या. पहिल्यात आमची नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. मी आप्पांकडं पाहिलं, आप्पांनी माझ्याकडं, आणि आम्ही दोघांनीही मनातल्या मनात पोलीस चौकी गाठली. मग ताईंना आठवलं. खाली पडू नये म्हणून त्यांनी ती वांग्यांच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवली होती.

त्यांनी काट्यावर जुनी डिस्क ठेवली, मग तिच्या जागी दुसरी नवी डबी. “ही जड, ही हलकी. एवढाच तुमचा टोमॅटो. फाइल भरली म्हणून वजन वाढत नाही बाबा आणि काढली म्हणून घटत नाही.”

यावर आप्पा विश्वास ठेवतील असं म्हणणाऱ्याला यार्डाचा गेटही माहीत नाही. भरलेलं पोतं आणि रिकामं पोतं सारखंच भरतं, असं मापाड्याला सांगत होती बाई. आप्पांनी तोंड फिरवलं.

“तो टोमॅटो राहू द्या,” मी म्हणालो. “त्यांच्या आवाजाचा व्हिडिओ गायब आहे. दुसरीकडं कुठंच नाहीये तो.”

आता ताईंचा चेहरा बदलला. “कुठं ठेवला होता?”

आता मला सांगावं लागलं. आमच्या घरात मौल्यवान वस्तू सरळ ठिकाणी ठेवत नाहीत. आईचं सोनं तुरीच्या डाळीच्या डब्यात असतं. त्याच रीतीनं, भाच्यांनी चुकून पुसू नये म्हणून, मी व्हिडिओ बंद पडलेल्या प्रिंटरच्या फोल्डरमध्ये, त्याच्या आतल्या फोल्डरमध्ये टाकून त्याला ‘जुना प्रिंटर’ असं नाव दिलं होतं.

“दादा, प्रिंटरचा कचरा म्हणून मी तेवढंच सोडलं,” ताई म्हणाल्या.

“कचरा कसा, नीट लपवला होता.”

“फार नीट लपवला होता.”

त्यांनी जुनी डिस्क वायरनं त्यांच्या कॉम्प्युटरला जोडली. कुर्र, टक. काही दिसेना. काढली, परत जोडली. टक, टक. ताई बोलायच्या थांबल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. आप्पांनी काउंटरची कड धरली होती. तिसऱ्यांदा जोडल्यावर डिस्क एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखी उठली. ताईंनी बाकी कशाला हात न लावता तो एक फोल्डर उचलला. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत गेली, मध्ये थांबली, पुन्हा सरकली आणि संपली. ताईंनी तो लॅपटॉपमध्ये टाकला, एका पेन ड्राइव्हमध्ये टाकला आणि लावला.

“लाभ.”

दुकानाच्या काचा हादरल्या म्हणालो तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून म्हणत नाही. पण बाहेर पाणीपुरीवाला थांबला, एवढं नक्की. दोन. तीन. कॅरेट आपटल्याचा आवाज, टेंपोचा फाळका. मी आप्पांकडं पाहिलं.

आप्पा मान हलवत होते. आडवी. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ते बोट नाही-नाही असं हलवलं. हा मी नाही.

“अहो आप्पा, तुम्हीच.”

त्यांनी पडद्याकडं दाखवलं. चित्रात एक माणूस पाठमोरा, डोक्याला टॉवेल. तोंड एकदाही दिसत नव्हतं. तसे टॉवेल नाशिक जिल्ह्यात लाखभर असतील.

“बाबा, आपला आवाज आपल्याला बाहेरून परकाच वाटतो,” ताई म्हणाल्या. “मला माझा व्हॉइस मेसेज ऐकून वाटतं, कोण ही मांजर.”

आप्पांनी मला खूण केली ती मला अजून आठवते: माल बदललाय. आणि सांगायला लाज वाटते, पण परतीच्या वाटेवर मलाही वाटायला लागलं की मला तरी तो आवाज नक्की आठवतोय का. आवाज जाऊन इतके दिवस झाले होते. कुणीही ‘लाभ’ म्हणून ओरडलं असतं तर मी रडलो असतो.

घरी आल्यावर आप्पा लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसले. चेहरा पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यासारखा. मला जवळ येऊ दिलं नाही. त्यांनी स्वतः बोटानं व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि स्पीकरजवळ कान नेला. आई मागच्या अंगणात झेंडू निवडत होती. आम्ही पुन्हा कुठं गेलो होतो, कशाला गेलो होतो, तिला काही माहीत नव्हतं.

लाभ, दोन, तीन, चार. मग लॅपटॉपमधला माणूस मोजणं थांबवून खेकसला, “अगं, दोरी कुठं ठेवली? इथं होती ना.”

“तिथंच हाय, तुमच्या पायाशी,” मागच्या अंगणातून आईचा आवाज आला. “डोळे फुटले का. रोज तेच.”

आप्पांचं बोट जागच्या जागी थांबलं. लॅपटॉप पुढं मोजत राहिला, पाच, सहा. मागच्या अंगणात फुलं पाटीत पडायचा आवाज बंद झाला. मग आई दारात आली. हात पिवळे, पदराला पाकळ्या. तिनं आधी आप्पांच्या तोंडाकडं पाहिलं, ते मिटलेलं होतं. मग लॅपटॉपकडं पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकली आणि बराच वेळ नुसती मोजणी ऐकत राहिली.

आप्पांनी व्हिडिओ मागं घेतला. पुन्हा दोरी मागितली. आता आईला सगळं कळलं होतं, तरी तिनं पदरानं डोळे पुसले आणि आधीच्याच वैतागानं म्हणाली, “पायाशी हाय म्हणते ना.”

आप्पांनी खाली वाकून स्वतःच्या पायाशी पाहिलं.